डोहातल्या मरळी

प्रिय आत्या,

तुझ्या तेराव्याला मी सगळ्यांसमोर वाचलं, की आपल्या ओढ्यातल्या चतुरांच्या अळ्या नामदेवकाकांच्या कापसावरच्या फवाऱ्यानं मेल्या आणि तू शेवटपर्यंत त्यांच्यासाठी हळहळलीस. त्यातलं पहिलं चूक होतं. दुसरं खरं होतं का, हे तूच सांग! म्हणून पुन्हा लिहायला बसलेय.

शाळेत नाव घालायच्या आधी तू मला ओढ्याच्या या डोहाकाठीच शिकवलंस. ओल्या वाळूत अक्षरं गिरवून झाली, की दगड हळूच उलटायचीस. खाली मातकट रंगाची, सहा पायांची अळी. "हिलाच पंख फुटत्यात बघ, मग चतुर व्हती." दगड परत जसाच्या तसा ठेवायला लावायचीस. न बघता कुणाचं नाव घेऊ नये, हेही तूच शिकवलंस ना?

मग मी मोठी झाल्यावर एका पावसाळ्यात दगडांखाली काही दिसेना. मी रडकुंडीला आले. तू म्हणालीस, "फवारा, दुसरं काय? नामदेवाचा कापूस हाय की काठाला." एवढंच. मी पारावर जाऊन काकांना नाही नाही ते बोलले. तू शेजारी उभी होतीस. पदर सारखा करत होतीस! तेव्हापासून काका आपल्या दारावरून मान खाली घालून जातात.

परवा डोहात लालसर पिल्लांचा पुंजका वर आला. त्याखाली काळीभोर मरळ. मग मी काकांच्या बांधाला लागून असलेल्या डबक्यात पाहिलं. मासा तिथं पोचत नाही. फवारा मात्र आधी तिथंच पोचणार. आत्या, तिथं अळ्याच अळ्या होत्या! डोहात मोठ्या मुश्किलीनं एक सापडली, दगडाला चिकटलेली. मरळी दिसतील त्या अळ्या खातात, उरलेल्या भीतीनं लपून राहतात. लपलेली अळी पोटभर खाणार कधी आणि चतुर होणार कधी?

मी काकांकडे गेले. ते बैलांना वैरण टाकत होते.

"काका, डोहात मरळी कुठून आल्या?"

"आता इचारायलीस व्हय? तुझ्या आत्यानंच सोडली की पिल्लं, बादलीनं. मरळीचा रस्सा लय आवडायचा तिला."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुला खरं वाटलं असतं का, बाई? आन् ती हुबीच हुती की तिथं. म्या म्हणलं, आता बोलंल, मग बोलंल."



रस्साच हवा होता, तर परभणीच्या बाजारातून मी मरळ आणली नसती का? मासे अळ्यांचं काय करतील हे तुला कळलं नसेल, असं मी रोज स्वतःला समजावते. पण मग बादलीची गोष्ट माझ्यापासून का लपवलीस? आणि माझ्याच तोंडून काकांना बोल का लावलास?

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, सगळं गाव बैल धुवायला ओढ्यावर येतं. काकाही येतील.  सगळ्यांदेखत आधी त्यांची माफी मागेन आणि मग तुझं नाव घेईन. या वेळी बघून नाव घेतेय, आत्या.

शब्द देते. खांदमळणीच्या दिवशी, शुक्रवारी.

तू शिकवलेली,
मनू