नऊ नंबरची तपासणी वही

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची. पोराने सकाळी गाडीने आणून सोडलं, बॅग स्वतः उचलून खोलीपर्यंत आणली. एरवी घरात पाण्याचा ग्लास उचलत नाही. मला नऊ नंबरची खोली मिळालीय. खाट, कपाट, खुर्ची, खिडकी. झालं की. माणसाला आणखी काय लागतं.

पोरगा वृद्धाश्रम तपासायच्या कचेरीत आहे. म्हणाला, आई, आम्ही साहेबलोक आलो की हे चादरी बदलतात, टेबलावर फुलं ठेवतात, खरं काय ते कळतच नाही. तू आठ दिवस आत राहा आणि दिसेल ते लिही. दवाखान्यात तीस वर्षं वॉर्डातली मावशी होतीस, तुझ्या नजरेतून काय सुटणार. हे मात्र खरं बोलला. नुसतं राहायला चल म्हणाला असता तर मी घराबाहेर पाऊल टाकलं नसतं, सुनेने कितीही साखर पेरली तरी. पण काम म्हटल्यावर उठले.

ही निळ्या पुठ्ठ्याची वही त्याने दिली. वर 'तपासणी वही' त्याच्याच अक्षरात. त्याचा 'त' अजून पोट पुढे काढून उभा राहतो. लहानपणी पाटीवर किती गिरवून घेतला, पण सुधारायचं नाव नाही. फोन त्याने ठेवून घेतला. फोनवर बोलताना कुणी ऐकलं तर बिंग फुटेल म्हणाला. येत्या सोमवारी न्यायला येईल.

लगेच कामाला लागले. कपाटावर बोट फिरवलं, धूळ नाही. गादी उलटली, ढेकूण नाही. गरम पाण्यात कोपर घालून बघितलं, बरोबर. संडासात धरायचा दांडा मात्र हलतो. म्हातारं माणूस दांड्यासकट खाली येईल. नोंद: नऊ नंबर, दांडा ढिला.

मंगळवार, ४ तारीख

दांडा घट्ट झाला. चार नवे स्क्रू, चकचकीत. मी कुणाला बोलले नव्हते. मॅनेजरबाईंना विचारलं तर म्हणाल्या, आमच्याकडे त्रुटी राहत नाही, आजी. आजी म्हणे! केस रंगवले म्हणून काय ही माझी नात झाली?

शेजार बरा आहे. आठ नंबरला एक मास्तर आहेत. दिवसभर खोकतात आणि खोकल्यातून सवड मिळाली की माझं बोलणं सुधारतात. दहा नंबरला शिलाईबाई. जन्मभर मशीन चालवून पाठीला बाक आलाय. मला ताई म्हणते. दुपारी मी वही उघडली तर टक लावून बघत बसली. मग हळूच म्हणाली, ताई, सगळं छान आहे असं लिहा आणि पडा जरा. मी म्हटलं, फुकटचं छान मला लिहिता येत नाही. ती सुईत दोरा ओवत राहिली.

नोंद: व्हरांड्याच्या टोकाला आगीच्या वेळी पळायचं दार आहे, त्याला भलंमोठं कुलूप. दुसरी नोंद: आठ नंबर खोकून बेजार, अर्धा तास बेल वाजवतात, कुणी फिरकत नाही.

बुधवार, ५ तारीख

कुलूप गेलं. दारही गेलं. तिथे आता भिंत आहे. हात लावला तर ओला चुना बोटाला आला. ही कसली दुरुस्ती?

आठ नंबर शांत आहे. खाट रिकामी, चादर ताणलेली, चारी कोपरे दुमडलेले. बेल भिंतीतून उपटून काढलीय. मॅनेजरबाई म्हणाल्या, मास्तरांना घरचे घेऊन गेले. नेलं असेल. पण कवळी ग्लासात तशीच आहे, चपला खाटेखाली. दात विसरून कोण घरी जातं? वॉर्डात मी शेकड्यांनी माणसं घरी जाताना बघितलीत, आणि शेकड्यांनी दुसरीकडे. घरी जाणाऱ्याच्या चपला पायात असतात.

झाडणारी बाई माझी वही वाचून वर सांगत असणार. आजपासून वही कमरेला बांधून ठेवते. बघू कोण वाचतं ते.

गुरुवार, ६ तारीख

आज डोकं फिरलं. शिलाईबाईला खुर्चीत नीट बसवत नव्हतं म्हणून तिला कुशीवर वळवून बघितलं. कंबरेखाली पडून पडून होते ती जखम, रुपयाएवढी. माझ्या वॉर्डात असं झालं असतं तर सिस्टरने मला उभी सोलली असती. शिलाईबाई माझा हात धरून म्हणत होती, लिहू नका ताई, तुमच्या पाया पडते, लिहू नका. मी म्हटलं, अगं घाबरतेस कुणाला? माझा पोरगा कचेरीत आहे, रविवारच्या आत तुला हवेची गादी मिळते की नाही बघ. ती रडायला लागली. म्हटलं, हे बघ, रडण्याचा मला मनस्वी कंटाळा.

नोंद: दहा नंबर. कंबरेला जखम, गादी दगडासारखी, कुशीवर कुणी वळवत नाही. खाली दोन रेघा मारल्यात.

शुक्रवार, ७ तारीख

दहा नंबरला नवी गादी आली. हवेची. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. तिच्यावर कुणी नाही.

चष्मा खिडकीत आहे. चपला खाटेखाली. वही माझ्या कमरेला होती. कुणी हात लावला नाही. कुणीच.

तिची शिवणाची पिशवी खुंटीला होती, मी उघडली. आत दोऱ्याची रिळं, कात्री, आणि निळ्या पुठ्ठ्याची वही. पहिल्या पानावर तिने लिहिलंय, लेक म्हणाली, आई, आठ दिवस आत राहा आणि दिसेल ते लिही. शब्द तेच, एक इकडचा तिकडे नाही. पुढे तिने लिहिलंय, सात नंबरच्या आजोबांना कुणी भरवत नाही. दुसऱ्या दिवशी: नऊ नंबरची नवी बाई— आणि पुढची ओळ काळ्या दोऱ्याने शिवून टाकलेली. टाक्याला टाका. मी उसवून वाचलं. 'दिवसभर लोकांच्या खोल्यांत शिरते, तिला कुणी आवरत नाही.' त्याच्याखाली: 'सात नंबर रिकामी. माझ्यामुळे.' मग रोज एकच ओळ, सगळं छान आहे, सगळं छान आहे.

माझी ओळ तिने शिवली. तिची मी दोन रेघा मारून लिहिली.

वहीच्या पुठ्ठ्यावर 'तपासणी वही' आहे. 'त' पोट पुढे काढून उभा आहे.

शनिवार, ८ तारीख

फाटकावर गेले. पहारेकरी म्हणाला, मुलाची सही आणा, मग जा. मी म्हटलं, मुलाला मी जन्म दिलाय, सही कसली? तो म्हणाला, तरी सही लागते.

बाकीच्या खोल्यांत डोकावले. सगळ्यांच्या उशीजवळ निळ्या वह्या. सगळे मान खाली घालून लिहितायत. कुणाचा मुलगा कचेरीत, कुणाचा जावई. प्रत्येक जण तपासायला आलाय. राहायला कुणीच आलेलं नाही.

मी एक युक्ती केली. लिहिलं, दहा नंबरला माणूस नाही, ही मोठी त्रुटी आहे. दार आणि दांडा सुधारतात तर माणूसही आणून देतील. शिलाईबाईला परत आणतील. आणायलाच—

रविवार, ९ तारीख

दहा नंबरला माणूस आलं.

पोराचा आवाज व्हरांड्यात ऐकू आला. धावले. त्याच्या हातात बॅग, म्हणत होता, आई, आठच दिवस. मला नाही. विहीणबाईंना. सुनेच्या आईला. त्या हसत हसत चालल्या होत्या, काखेत निळी वही.

मी शिलाईबाईची वही त्याच्यासमोर धरली. हे अक्षर कुणाचं, विचारलं. त्याने बघितलं, नाकारलं नाही. म्हणाला, आई, तुला सगळ्यातच खोट दिसते. घरीसुद्धा. भाजीत, भांड्यात, आमच्यात. म्हटलं जिथे खोट काढायचंच काम आहे तिथे तू रमशील. मग आवाज मऊ करून म्हणाला, उद्या सोमवार, उद्या नेतो. बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. दारावरचा नंबर बघत होता.

मी विहीणबाईंना सांगितलं, लिहू नका. हात जोडले. त्या म्हणाल्या, तुम्हाला वाटतं जावई फक्त तुम्हालाच काम देतील? मग माझे हात निरखून बघितले. अगंबाई, किती थरथरतायत, इथे औषध देत नाहीत वाटतं, म्हणाल्या. थांबा, मी लिहिते, तुमचं भलं होईल.

लिहिलं. माझ्यासमोर लिहिलं.

सोमवार

आज घरी जायचा दिवस.

विहीणबाईंविषयी लिहायला बसले तर आख्खी वही भरेल. गुडघा धरून चालतात. गोळ्या गादीखाली लपवतात, मी बघितल्या. एक ओळ लिहिली तर त्यांचा नंबर आधी लागेल का— पेन हातात आहे— वीस वर्षं त्या बाईने मला टोमणे मारलेत—

ओळ लिहिली. शिवली. शिलाईबाईच्या काळ्या दोऱ्याने. टाके वाकडे आलेत, पण घट्ट आहेत. आता हे पान झालं की सगळी वहीच शिवून टाकते.

व्हरांड्यात दोन माणसं आहेत. घडीची चादर दिसतेय. कोपरे—

पोरगा नाही त्यांच्यात. नाहीच.

चपला पायात घातल्यात मी. कवळी तोंडात आहे. चष्मा डोळ्यांवर. खाटेखाली काही ठेवलेलं नाही. ज्याला वही मिळेल त्याने बघावं, मागे काही ठेवलं नाही, म्हणजे मी घरी—