वाफा क्रमांक तीनच्या भेगा बुजवल्याबद्दल सौ. मालन घाडी यांचा अर्ज

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
रस्ते व भराव चाचणी केंद्र,
शिवडी, मुंबई.

विषय : वाफा क्र. ३ वरील भेगा चौकीदाराने नव्हे, अर्जदाराने बुजवल्याबाबत.
संदर्भ : चौकीच्या दारावर चिकटवलेली आपली नोटीस, दि. १ फेब्रुवारी १९५६.

महोदय,

अर्जदार ही आपल्याकडील चौकीदार गुणाजी भिवा घाडी यांची पत्नी. मूल मांडीवर निजते तेवढ्याच वेळात हा अर्ज लिहिला आहे, त्यामुळे अक्षर कुठे मोठे, कुठे बारीक झाले आहे. ते सांभाळून घ्यावे.

१. शहराचा कचरा खाडीकडेला भरायचा, वर मातीचा थर रोलरने दाबायचा, आणि कोणती माती पावसाचे पाणी आत जाऊ देत नाही ते पाहायचे, एवढे आपले काम अर्जदाराला ठाऊक होते. असे चार वाफे आहेत. शेजारी डांबराची पट्टी आहे. भर दुपारी ते डांबर किती मऊ होते ते यजमान लिहून ठेवतात. दिवाळीपासून तिसऱ्या वाफ्याला भेगा पडू लागल्या. संशोधन सहायक श्री. रमाकांत कर्णिक दर दोन दिवसांनी दादरहून येत, भेग मापत आणि शेजारी नंबराची खुंटी ठोकत. कशासाठी, ते अर्जदाराने विचारले नाही. प्रत्येक खुंटीगणिक तिला वाटे, की राखण यजमानांची, तेव्हा या एकेक भेगेचा जाब त्यांनाच द्यावा लागणार.

२. दि. १६ जानेवारीस यजमान रीतसर रजा घेऊन लालबागेत आजारी भावाला पाहायला गेले. त्याच सुमारास संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीवरून शहरात गोळीबार झाला, संचारबंदी लागली आणि ते तिकडेच अडकले. श्री. कर्णिकही येऊ शकले नाहीत. वाफ्यांपाशी अर्जदार आणि तिचे तीन महिन्यांचे मूल, एवढीच माणसे. यजमान जिवंत आहेत की नाहीत हेही कळायला मार्ग नव्हता. समोर भेगा तेवढ्या रुंदावत होत्या. मुलाची मूठ आत जाईल इतक्या.

३. अर्जदाराचे माहेर मालवणकडचे. पाऊस सरला की तिकडे घरापुढे खळे करतात. माती ओली करायची, लाकडी चोपण्याने चोपायची, शेणाने सारवायची. खळ्याला भेग राहिली तर घरच्या बाईला नावे ठेवतात. पलीकडच्या चाळीतल्या राधाबाई आमच्याच बाजूच्या. त्या पाहून म्हणाल्या, "गो बाये, ह्यां असां ठेवलंस तर घोवाक बोल लागतलो." नवऱ्याला बोल लागेल, हीच तर अर्जदाराची भीती. राधाबाईंनी चोपणे दिले, तबेल्यातले शेण आणले, आणि दोघींनी दोन दिवसांत सारा वाफा चोपून सारवून गुळगुळीत केला. खुंट्या उपटून धुऊन ठेवल्या. राधाबाई डांबराच्या पट्टीवर मिरच्या वाळत घालू का म्हणत होत्या, त्याला मात्र अर्जदाराने साफ नकार दिला. सरकारी वस्तूची जाण तिला होती, हे ध्यानात घ्यावे.

४. संचारबंदी उठल्यावर यजमान सुखरूप परतले. श्री. कर्णिकही आले आणि वाफ्याच्या कडेने खुंट्यांच्या जागा शोधत फिरले. रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "वहिनी, भेगाच तर मोजत होतो आम्ही."

५. पंधरा दिवसांत वाफा "भेगांसह पूर्वस्थितीत" न आणल्यास चौकीदारास कामावरून काढू, असे नोटिशीत आहे. अर्जदाराने शेण खरवडून काढले. वाफ्यावर शेगडी पेटवून ठेवली. केसाएवढी रेघ उमटली आणि सकाळी दवाने मिटली. शेवटी कोयत्याने चिरा पाडल्या. श्री. कर्णिक म्हणाले, "ही चीर झाली, वहिनी. भेग आपली आपण पडते. तिला ऊन लागतं, महिने लागतात." आज बारावा दिवस आहे. भेग पाडायची कशी, हे अर्जदाराला कुणी शिकवलेले नाही. आपल्याकडे शिकलेली माणसे आहेत. कुणाला येत असेल तर सांगावे, ती रात्रंदिवस राबेल.

६. नोटिशीत वाफा सारवणारा "अज्ञात इसम" असे लिहिले आहे, तिथे स्वतःचे नाव घालावे म्हणून अर्जदार मूल घेऊन कचेरीत गेली. हेडक्लार्क बाबुरावांनी रजिस्टर काढून दाखवले. "बाई, ती एकट्या माणसाची चौकी. कागदावर तुम्ही तिथे राहतच नाही. तर मग वाफा तुम्ही कसा सारवला?" आणि राहता असे लिहून दिले, तर विनापरवाना कुटुंब ठेवल्याचा वेगळा गुन्हा यजमानांवर लागेल, असेही त्यांनी सांगितले. ते आडमुठे नाहीत. मुलाला त्यांनी खिशातली पेन्सिल खेळायला दिली. यजमान म्हणतात, गप्प राहा. ते स्वतः चार दिवस नीट जेवलेले नाहीत. हा अर्ज त्यांना न सांगता पाठवत आहे.

७. तरी अर्जदार लिहून देते, की ती चौकीत राहत होती. मूलही तिथेच जन्मले. वाफा तिनेच सारवला. गप्प राहिले तर यजमानांचा हलगर्जीपणा ठरतो, खरे बोलले तर चोरून कुटुंब ठेवणे ठरते. दोन्हींत लहान गुन्हा कोणता, ते तिला कळत नाही. आपणास कळत असेल. जो लहान असेल तेवढाच त्यांच्यावर लावावा, एवढीच विनंती.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी, नम्र,
सौ. मालन गुणाजी घाडी
चौकी, वाफा क्र. ३ शेजारी, शिवडी
दि. १२ फेब्रुवारी १९५६