दादाचा मॉनिटर आणि वहिनीचे फोटो

४ नोव्हेंबर, मंगळवार

चार तास! एका डिस्कमधले फोटो उतरवायला चार तास लागतील म्हणे. मघाशी सहा म्हणत होता, त्याआधी पन्नास मिनिटं. हा कॉम्प्युटर आहे की घर बांधणारा कंत्राटदार?

दादा शेजारी बसून. ‘झालं का?’ — नाही. ‘आता?’ — नाही रे. ‘आता तरी?’ शेवटी म्हटलं, दादा, मी काय त्या डब्याच्या आत बसलेय का ढकलायला? तेव्हा कुठे उठला.

वहिनीला जाऊन दोन महिने होत आले. आयुष्यभर दादाने लोकांचे फोटो दुरुस्त केले. कुणाच्या गालावरचा फोड काढ, कुणाच्या आजोबांच्या फोटोवरची बुरशी पूस. आणि स्वतःच्या बायकोचा एक फोटो भिंतीवर लावायला सवड झाली नाही! आता हवाय. मोठा, बाहेरच्या खोलीत, दारातून आलं की समोर. ‘एकच लावायचा. पण तीच वाटली पाहिजे.’ तो लागेपर्यंत नवीन काम घेणार नाही म्हणतो. जेवायलाही धड बसत नाही. तिचे फोटो मात्र सगळ्या डिस्कांमध्ये गिऱ्हाइकांच्या फोटोंत मिसळून पडलेत. मीच म्हटलं, आण इकडे, एका जागी करून देते. हौस दांडगी ना माझी!

पण हे एवढं झालं पाहिजे. तो फोटो लागला की दादा पुन्हा कामाला बसेल असं मला वाटतं. आणि मग मी माझ्या घरी जायला मोकळी.

५ नोव्हेंबर

टेलिफोनच्या तक्रार विभागात सगळी नोकरी झाली माझी. ‘लाइन बंद आहे’ म्हणून ओरडणाऱ्याला शांतपणे विचारायचं, आधी चालू होती का? मग काय बदललं? एका वेळी एकच गोष्ट तपासायची. तसंच आज केलं.

दादाचा लॅपटॉप मिटून स्टँडवर असतो. त्यातून एकच वायर मॉनिटरला जाते. चित्र तिच्यातूनच जातं, आणि मॉनिटरच्या मागे जे जे खुपसलंय — कीबोर्ड, माउस, डिस्क — त्यांचंही येणंजाणं तिच्यातूनच. आज डिस्क मॉनिटरमधून काढून सरळ लॅपटॉपला लावली. धावली की! पण लॅपटॉपचं ते एकुलतं मोकळं पोर्ट ढिलं झालंय. शेजारून माणूस चालत गेलं तरी वायर निसटते आणि पुन्हा पहिल्यापासून. दोनदा तसं झाल्यावर हात जोडले.

पण एवढं कळलं. डिस्क ठीक, लॅपटॉप ठीक. गोगलगाय मॉनिटरच्या पोर्टांत आहे.

त्या धावलेल्या मिनिटभरात काही फोटो उतरले. एक उघडला. वहिनी जेवतेय, तोंड भरलेलं, एक हात कॅमेऱ्यापुढे — नको, आत्ता नको! मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. दादासमोर रडायचं नाही असं ठरवलंय. कशाला ठरवलंय कुणास ठाऊक.

६ नोव्हेंबर

वायर बदलली. चांगली जाड, महागातली आणली. फरक शून्य!

८ नोव्हेंबर, शनिवार

मॉनिटरला मागे दोन पोर्ट निळी, दोन काळी. निळी जास्त वेगवान असतात म्हणे. डिस्क काळ्यात होती. वाटलं सापडलं! निळ्यात लावली. तीच रड. कीबोर्ड, माउस काढून पाहिले. मॉनिटरचा प्लग भिंतीतून काढून, चहा पिऊन, परत लावला. आमच्या विभागात हा रामबाण उपाय होता. इथे चहा तेवढा कारणी लागला.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने ऐकूनसुद्धा घेतलं नाही. ‘बाई, मॉनिटरचे पोर्ट असेच असतात. डिस्क जोडायला वेगळा डॉक मिळतो, तो नवीन घ्या.’ याला दात दुखतो म्हटलं तरी हा नवीन घ्या म्हणेल.

घरी आले तर दादाला काम देणाऱ्या स्टुडिओवाल्याचा मेल आलेला. दादा म्हणाला, ‘तूच वाच, मला कंटाळा आलाय.’ वाचला. एका बाईंच्या एका कानातलं डूल दादाने पुसून टाकलंय, धुळीचा ठिपका समजून! एका कानात डूल, एक कान रिकामा, आणि फोटो तसाच त्यांच्या घरी गेला. मी वाचता वाचता थांबले. दादा म्हणाला, ‘पुढे वाच.’ पुढे एवढंच होतं — वहिनी गेल्यापासून तुमचं लक्ष नाही हे समजू शकतो, घाई नाही, सावकाश सुधारून द्या. भला माणूस आहे.

दादा खिडकीचा पडदा ओढून अंधारात बसून राहिला. मला इतकं वाईट वाटलं त्याच्यासाठी! त्याच्या हातून असं काम? हा माणूस एका केसाच्या रंगावरून छापखान्यात जाऊन भांडायचा.

१० नोव्हेंबर

आज आमचं वाजलं. डिस्क ठेवायला जागा नव्हती म्हणून त्याच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवल्या. ‘तिथे नको!’ असा ओरडला की माझ्या हातातली वायरच पडली.

वहिनीची खुर्ची. शेवटचं वर्षभर ती दुपारभर तिथे असायची. मांडीवर मटारांची टोपली, नजर पडद्यावर, तोंड चालू. ‘उजव्या गालावर जास्त झालं.’ ‘खाली डाग राहिला बघ, अजून खाली, हां.’ मी आले की चिडवायचे — एका कामाला दोन माणसं! पगार कुणाला मिळतो? दादा म्हणायचा, ‘ती माझी साहेब आहे, शहाणे. तिच्याशिवाय पान हलत नाही.’ वहिनी लाजायची. या वयात!

हा मॉनिटरही तिनेच घ्यायला लावला. दादा म्हणत होता, जुना बरा आहे. ती दुकानात अडूनच बसली. मोठाच हवा, सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो हवा. स्वतःसाठी कधी चपलेचा जोड मागितला नाही बाईने.

डिस्क उचलून जमिनीवर ठेवल्या. संध्याकाळी दादाने आपणहून चहा केला. साखर घालायला विसरला, मी तसाच प्यायले. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

११ नोव्हेंबर

काहीच केलं नाही. संध्याकाळी फोन वाजला तर मी धावले. वहिनी याच वेळेला फोन करायची मला, रोज. ‘काय खाल्लंस?’ एवढंच विचारायला. आणि मी ज्या घरी आता राहतेय ते तिचंच घर. इथून मला कोण फोन करणार? विमेवाला होता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

मॉनिटरच्या मागे, उजव्या हाताला, बोटभर एक दांडी आहे. आजवर वाटायचं ते चालू-बंदचं बटण. ती आडवी दाबली तर पडद्यावर यादीच उघडते. प्रकाश, रंग, आवाज... आणि पार तळाला — पोर्टांसाठी काय हवं? चित्र आधी की वेग आधी? इंग्रजीत होतं, पण अर्थ हाच.

मग डोक्यात उजेड पडला. वायर एकच. तिच्यातून चित्रही न्यायचं आणि डिस्कमधला मालही आणायचा. चित्र सगळ्यांत बारीक, सगळ्यांत स्पष्ट हवं असेल तर जवळजवळ सगळी वायर तेच खाऊन टाकतं. डिस्कच्या वाट्याला उरते चिंचोळी गल्ली. बिघाड काही नव्हताच! मॉनिटर सांगितलेलं काम इमानदारीत करत होता आणि मी त्याला आठवडाभर शिव्या दिल्या.

‘वेग आधी’ केलं. पडदा क्षणभर काळा झाला. मग उजळला. चित्र मात्र पार उतरलं. अक्षरांच्या कडा फुटल्या, चेहरे भरडे दिसायला लागले, माउसचा बाण अडखळत चालला, पायात काटा रुतल्यासारखा. पण डिस्क! चार तासांचं काम डाळ शिजेपर्यंत झालं.

दादाला म्हटलं, थोडे दिवस असं धुरकट बघावं लागेल हं, फोटो उतरले की परत पहिल्यासारखं करते. तो पडद्याजवळ गेला, अगदी जवळ. ‘धुरकट कुठे? छान दिसतंय. एकदम छान.’

माझी मेहनत वाया जायला नको म्हणून बोलला असणार. इतकं गोड बोलायची सवय नाही त्याला. बरं वाटलं मला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सगळ्या डिस्क रिकाम्या झाल्या. वहिनीचे फोटो वेगळे काढले, माझे, आईचे, बाकी घरच्यांचेही मधेमधे आलेत, ते राहू दिलेत. दादा सकाळपासून बसलाय. ‘मोठं कर. अजून मोठं.’

आणि आज म्हणाला, ‘इथे बस.’

खुर्चीवर! मी उभीच राहिले. ‘बस गं,’ म्हणाला. बसले. गादी मधोमध दबलेली आहे, तिच्या बसण्याची. एक एक फोटो उघडायचा आणि विचारायचा, ‘सांग, काय दिसतं तुला?’ मी सांगत गेले. ही पायरीवर बसलीय, केस ओले आहेत. ही कुणावर तरी रागावलीय, बहुतेक तुझ्यावरच. ही झोपलीय, तोंड उघडं, हा लावलास तर वरून येऊन मारेल. दादा हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग डोळे मिटले आणि मी सांगते ते ऐकत राहिला. डोळ्यांच्या कडांतून पाणी येत होतं, पुसलंही नाही.

मला वाटलं, ज्याच्यासाठी आले ते झालं. आम्ही दोघं तिच्याजवळ बसलो होतो.

१७ नोव्हेंबर

आज मॉनिटर पुन्हा ‘चित्र आधी’ केला. पडदा काळा झाला, उजळला — आणि काय तो फरक! वहिनीच्या भुवईजवळची जखमेची खूण, चष्म्याच्या काचेत फोटो काढणारा दादा इवलासा. मी चक्क ओरडले, दादा बघ!

‘काय?’

फरक बघ ना.

‘हं. आहे की. छान आहे.’

तोच सूर, तेच शब्द. परवा जे बोलला तेच. मी विचारलं, तुला खरंच कळला का फरक? तर भडकला. ‘मला माझं काम शिकवू नकोस! तू जन्माला यायच्या आधीपासून फोटो बघतोय मी.’ उठून गेला. जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला, इतका राग.

चुकलंच माझं. ज्या माणसाची बायको गेली त्याला पडद्याची कौतुकं कसली सांगायची? त्याचं मन कशातच नाही. तिकडे माझ्या घरात झाडं सुकली असतील. फोटो निवडला, छापून आला, भिंतीवर लावला की निघते. त्याला त्याचं दुःख करायला एकट्याला जागा हवी असेल.

१८ नोव्हेंबर

दादाने फोटो निवडला. मी यायच्या आधीच निवडून, पडदाभर मोठा करून बसला होता. खूश होता. ‘हा! बघ कशी हसतेय. दारातली. हाच लावायचा.’

दारातलाच आहे. अंगात वहिनीचा राखाडी कोट. पण कोटात मी आहे. माझा भिजला म्हणून तिने तिचा चढवला होता मला, आणि फोटोही तिनेच काढला होता.

दादाचा चेहरा पडद्यापासून वीतभर. दादाला दिसत नाहीये. किती दिवसांपासून, ते फक्त वहिनीला माहीत होतं.

तो माझ्याकडे वळला, माझ्या जरा पलीकडे बघत. आवाज एकदम लहान झाला त्याचा.

‘तीच आहे ना गं?’

म्हटलं, हो दादा. तीच आहे.