गाळलेल्या ओळी

ओमा आजी,

आपल्या मेनोनाइट पंथाच्या रीतीप्रमाणे तू तुझं आयुष्य स्वतःच लिहून ठेवलं होतंस, आणि दफनाआधी चर्चमध्ये मी ते वाचलं. शेवटच्या ओळी मात्र गाळल्या. 'माझं घड्याळ चोरलं म्हणून मी इसाक ड्रिडगरला वर्गासमोर छड्या मारल्या. घड्याळ माझ्याच एप्रनच्या खिशात निघालं, तरी मी गप्प राहिले. इसाक, मला क्षमा कर.'

समोर तुझे विद्यार्थी डोळे पुसत बसले होते. माझी जीभच रेटेना. तुझी अब्रू राखली, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे माझीच राखली.

नंतर पाव-चीज-कॉफी चालू असताना एक म्हातारा जवळ आला.

"पोरी, मी इसाक. बाईंनी माझ्याबद्दल काही लिहिलं नव्हतं का गं?"

"नाही, काका."

साखरेचा खडा त्याच्या बोटांत तसाच राहिला. "असू दे. एवढी पोरं हाताखालून गेली, बाई तरी कुणाकुणाला लक्षात ठेवणार!"

इसाककाका विंकलरला राहतात, इथून अर्ध्या तासावर. हे पत्र त्यांना लिहायचं होतं. चारदा कागद फाडला. तुला लिहिणं सोपं गेलं, तू काही विचारणार नाहीस.

तू वाचायला शिकवलेली तुझी नात,
अगाथा