पाच नंबरच्या बंदुकीचा ट्रिगर

अण्णा,

तुमच्या बंदुकीचा ट्रिगर हलका करून घ्यायचा की नाही, हे ठरवायला मला अकरा दिवस लागले. इतका वेळ मी कुठल्याच वस्तूला देत नाही. कारखान्यात माझं काम मापं तपासायचं आहे. भाग मापात असेल तर पुढं जातो, नसेल तर लाल खोक्यात पडतो, आणि त्यावर माझं मत कुणी विचारत नाही. तुमच्या बंदुकीलाही मी तोच नियम लावायला हवा होता. ट्रिगरला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढला. चार किलो दोनशे ग्रॅम. तीनदा ओढला, तीनदा तेच. अशा छऱ्याच्या बंदुकीला दोन किलोसुद्धा जडच म्हणतात. पुढच्या महिन्यात विभागाच्या नेमबाजी संघाची निवड आहे, आणि नोकरी सांभाळून मला जमेल अशी ही शेवटचीच. या ट्रिगरवर स्पर्धेला जाण्यात अर्थ नाही, हे मला बाराव्या वर्षीही कळत होतं. तुम्ही ते मानू दिलं नाहीत.

तुळजापूरचं आपलं स्वयंपाकघर मला नीट आठवतं. नवरात्र जवळ आलंय. तुम्ही कॉलेजच्या ऑफिसातून येता आणि कपडेही न बदलता ओट्यावर वर्तमानपत्र पसरता. त्यावर चार-पाच बंदुका, जत्रेत फुगे फोडायला मांडतात त्या. आई पोळपाट हातात घेऊन उभी आहे. "पोळ्या कुठं लाटू? बंदुकीवर?" तुम्ही म्हणता, "दहा मिनिटं." आई म्हणते, "तुमची दहा मिनिटं म्हंजे आरती होऊन माणसं घरला गेली तरी संपत न्हाईत." दारात नळदुर्गकडचा फुगेवाला उकिडवा बसलाय, बशीतून चहा पितोय. "सायब, असं जड करा, की फौजदार आला तरी फुगा फुटला न्हाय पायजे." तुम्ही हसता. "फौजदार चिडंल की." "चिडू द्या की. चिडला की आणिक दहा छर्रे मारतंय."

तुम्ही काय करत होता ते मी गृहपाठाच्या वहीवरून बघत होते. बंदुकीच्या पोटात एक छोटा पोलादी दात असतो, सिअर म्हणतात त्याला. ट्रिगर ओढला की तो सुटतो आणि छर्रा जातो. तुम्ही त्या दाताची खाच खोल करायचात आणि मागं जाड तारेची स्प्रिंग घालायचात. मग नुसत्या बोटानं भागत नाही, सगळा पंजा ओढावा लागतो, आणि नेमका छर्रा सुटताना नळी उजवीकडं जाते. मी विचारलं होतं, "अण्णा, ही फसवणूक न्हाय का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "माणूस जत्रेत फुगा फोडायला येत नसतो बाळ. नेम चुकल्यावर दोस्तांनी हसावं म्हणून येतो." इतकं गुळगुळीत वाक्य तुमच्या ऑफिसातल्या एकाही अर्जात नसेल. पैसे तुम्ही त्याच्याकडून घेत नव्हता, याचा तुम्हाला कोण अभिमान. फुकट केलं की लबाडी समाजसेवा होते, असा तुमचा हिशेब असावा.

त्याच वर्षी खंडेनवमीला तुम्ही मला बंदूक दिलीत. दस्त्याला नवं पॉलिश, वर हळदीकुंकू, आणि पाटाशेजारी बसून तुम्ही आईला सांगताय, "आपल्या घरातली पहिली नेमबाज." मी ती बंदूक रात्री उशाशी ठेवायचे. पुढच्या वर्षी लातूरला शाळांच्या स्पर्धेत माझे दहातले सात छर्रे उजवीकडं गेले. मी म्हणाले, ट्रिगर जड आहे. बाकीच्या मुली, त्यांचे सर, सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "ट्रिगरचं नाव काढायचं न्हाय. बोटाला शिस्त न्हाय तुझ्या."  मी घरी येऊन रबरी चेंडू दाबायला लागले. चार वर्षं दाबला. मी सोळाची असताना तुम्ही गेलात, आणि तुमच्या तेराव्यानंतरही मी तो दाबत होते. इतका मूर्खपणा मी नंतर कधीच केलेला नाही.

दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी मी पहिल्यांदा तिचा दस्ता काढला. तुम्ही असताना तो काढायची मला परवानगी नव्हती. आत लाल रंगात पाचचा आकडा. फुगेवाल्याच्या प्रत्येक बंदुकीला असा आकडा असायचा. म्हणजे पैशांऐवजी त्यानं तुम्हाला एक बंदूक दिली, आणि तुम्ही तिला पॉलिश करून माझ्यासमोर पाटावर ठेवलीत. तेही सोडून दिलं असतं. पण दात तसाच खोल होता, स्प्रिंग तीच जाड. तुम्ही तुमचंच काम उलटं फिरवलं नव्हतं. एका संध्याकाळचं काम, खरोखरची दहा मिनिटं. लेकराच्या हातून चुकून सुटू नये म्हणून ठेवलं असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण सोळाव्या वर्षीही ते तसंच होतं. विसरला असाल म्हणावं, तर लातूरला मी आठवण करून दिली होती. उरतं ते एवढंच, की तोवर तुमचा तुमच्या बोलण्यावर विश्वास बसला होता. लबाड माणूस मला समजतो. आपली लबाडी शिस्त म्हणून पोरीला शिकवणाऱ्याला काय म्हणायचं, तो शब्द शोधायचे कष्ट मी घेणार नाही.

दात मी स्वतः घासू शकले असते. पण त्याच्यावरचा कडक थर कागदाएवढा पातळ असतो; तो एकदा गेला की बंदूक नुसत्या धक्क्यानं सुटते, आणि हा भाग आता मिळत नाही. नवी बंदूक घेणं सरळ होतं. दस्ता माझ्या खांद्याला बसलाय, असं कारण मी अकरा दिवस स्वतःला देत होते. ते तांत्रिकदृष्ट्या खरं आहे, म्हणून सोयीचं आहे.

शेवटी सोलापूरला एका कारागिराकडं गेले. माणूस साठीचा, डोळ्याला भिंग. "ताई, बंदुकीपेक्षा काम महाग पडंल." मी म्हणाले, माहीत आहे. "मिस्टरांची का?" माझी, मी म्हणाले. "मग वडलांची आसंल. त्याशिवाय कोण एवढं घालतंय हिच्यात." मी म्हणाले, "नाही. जुनी घेतली. कुणाची ते माहीत नाही." त्यानं दात बाहेर काढला आणि भिंगाखाली फिरवला. "घासलाय असं वाटतंच न्हाय. ओतल्यावानी हाय. लई सबुरीचा माणूस." मग हसला. "आन् एवढा साफ हात असून ट्रिगरचा बैलगाडीचा ब्रेक करून ठिवलाय. डोक्यात काय होतं म्हणायचं?" मी म्हणाले, तेही माहीत नाही. "मी घासला की ह्याचं काम समदं जाईल. चालंल न्हवं?" मी म्हणाले, त्यासाठीच आणलीय. आणि पैसे देऊन टाकले. शुक्रवारी मिळेल. एक किलोवर आणून देतो म्हणालाय. मी काटा घेऊन जाणार आहे.

निवडीत काय होईल ते होईल, त्यात तुमचा भाग आता नाही. हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही, आणि पाठवता आलं असतं तरी मी पाठवलं नसतं, कारण तुम्हाला पुढचं वाचायला मिळालं असतं. पैसे दिल्यावर माझं तिथलं काम संपलं होतं. बसची वेळ झाली होती. तरी मी काउंटरपाशी उभी राहिले आणि त्या माणसाला विचारलं, दात खरंच इतका चांगला घासलाय का? तो हो म्हणाला. थोड्या वेळानं मी वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारलं.