ऑर्व्हलचा डावा डोळा

कोकोमो, ३ ऑगस्ट १९५३

ती. सासूबाईंना लव्हॉनचा शि. सा. न.

टोमॅटोच्या बरण्या भरून झाल्या, मका बरा आहे. आता खरं सांगते. जूनमध्ये मोटारींच्या शर्यतीत मातीच्या धावपट्टीवर पुढच्या गाडीनं उडवलेलं ढेकूळ ऑर्व्हलच्या तोंडावर बसलं. डोळा बरा झाला असं त्यानं तुम्हाला कळवलं, ते खोटं. डाव्या डोळ्यानं त्याला काहीच दिसत नाही.

शर्यतीआधी डॉक्टर डोळे तपासतात. यानं आधी डाव्या हातानं डावा डोळा झाकला, मग उजव्या हातानं पुन्हा डावाच! डॉक्टर कागदांत डोकं घालून बसलेले. घरी येऊन मलाच हसत सांगतो, वर म्हणतो की सगळी वळणं पाठ आहेत.

इतकी वर्षं भंगार गाड्या हाकल्यावर कुठे त्याला राज्याच्या जत्रेतल्या शर्यतीसाठी चांगली गाडी मिळाली आहे. मी तोंड उघडलं तर परवाना जाईल, आणि तो मला जन्मात माफ करणार नाही. तुम्ही त्याला चार शब्द लिहा ना.

तुमच्या मायेतली,
लव्हॉन

सलायना, १० ऑगस्ट

चि. लव्हॉन हिला अ. उ. आ.

माझं ऐकेल म्हणतेस? अगं, पहिल्या शर्यतीला निघाला तेव्हा मी दार अडवून उभी राहिले, तर पठ्ठ्या खिडकीतून गेला. मी लिहिलं तर तो एवढंच शिकेल की तुला काही सांगायचं नाही.

तू त्याच्या मुख्य मिस्त्रीला गाठ. तो नको म्हणाला तर गाडी हलणार नाही. ऑर्व्हल चिडला तर सांग, म्हातारीनं कान भरले. गहू छान झालाय, पण घास उतरत नाही.

तुझी सासू आणि त्या गाढवाची आई,
हिल्डा

कोकोमो, ३० ऑगस्ट

ती. सासूबाईंना शि. सा. न.

गेले होते हो. पण गाड्या उभ्या असतात त्या कुंपणात बाईनं पाऊल टाकलं की अपशकुन! रखवालदार म्हणाला, गाडीच्या मालकीणबाईसुद्धा बाहेरूनच बघतात. त्याच्याच हाती निरोप धाडला की ऑर्व्हलला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. मिस्त्रीचं उत्तर आलं की शर्यतीच्या दिवशी प्रत्येकीच्या नवऱ्याला काहीतरी झालेलं असतंच.

घाबरू नका, तो सुखरूप आहे. तिसरा आला. शर्यत संपल्यावर धुळीनं माखलेला कुंपणाशी आला. मी तारेला चिकटून उभी होते, त्याच्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर. तो रखवालदाराला विचारत होता की माझी बायको कुठे दिसली का.

मी वळसा घालून उजवीकडे गेले, तेव्हा केवढा हसला! मालकानं पुढच्या हंगामालाही त्यालाच ठरवलंय. मी अभिनंदन केलं. दुसरं काय करणार होते?

माझ्यावर रागावू नका, लोभ राहू द्या.

तुमची,
लव्हॉन