कापऱ्या हाताचा ठोसा

शनिवार, ८ नोव्हेंबर

संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, इमारतीच्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत टोपीनं — स्पर्धेचा पंच होऊन बसलेला तो टोपीवाला पोरगा — ह्यांच्या मनगटावरचा पट्टा सोडला आणि हातातली कांडी काढून घेतली. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. शाळेत सिस्टर सांगायच्या, राग आला की आधी तारीख आणि वेळ लिहावी, तेवढ्यात शिव्या गळून पडतात. नाही पडल्या.

खेळाच्या मशीनवर मुष्टियुद्धाचा उपांत्य सामना चालू होता. समोर सोसायटीच्या सेक्रेटरींचा जावई. पडद्यावर ह्यांचा लाल मुष्टियोद्धा, जावयाचा निळा. निळा दोनदा आडवा झालेला. तिसऱ्यांदा पडला की हे अंतिम सामन्यात. तेवढ्यात टोपी उठला — "थांबा, थांबा. आजोबा, हा खेळ नाही. तुमचा हात कापतोय. मशीन फसतंय."

म्हणजे ह्यांनी फसवलं. जन्मात तिकिटाशिवाय बसमध्ये बसला नाही हा माणूस.

कुणी हसलं नाही, हे त्याहून वाईट. सगळे एकदम समजूतदार झाले. जावयानं तर ह्यांच्या खांद्यावर थोपटलं. दोनदा आडवा झालेला माणूस थोपटतोय!

ह्यांनी हात खिशात घातला. घरी येईपर्यंत बाहेर काढला नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

हे सकाळपासून वर्तमानपत्रात. टेबलावर पसरून वाचतात. हातात धरलं की कागद फडफडतो आणि मी तिकडे बघते, असं त्यांना वाटतं. बघतेच.

पाणीपुरवठा खात्यात ह्यांनी जन्मभर नकाशे काढले. पट्टी न लावता रेघ सरळ. सह्या साहेबांच्या, पण नकाशाखालची अक्षरं ह्यांची. लग्न ठरल्यावर पहिलं पत्र आलं तेव्हा आई म्हणाली, "छापून घेतलंय का गं?" निवृत्तीनंतर कंप सुरू झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो मोठा आजार नाही, नुसता हातांचा कंप. सकाळ-संध्याकाळ गोळी. गोळीनं कप धरता येतो, अर्धा भरलेला. सही येते, चार ओळी लिहिता येतात. गोळी चुकली तर सहीसुद्धा नाही. रेघ मात्र गोळीनंही परत आली नाही.

गोळी मी त्यांच्या तळहातावर ठेवते, पेला पुढे सरकवते आणि पाठ फिरवते. पाणी सांडताना कुणी पाहिलेलं त्यांना आवडत नाही. मी पाहिलेलंही नाही. आमच्यात हे न बोलता ठरलेलं आहे.

हॉलमध्ये ते मशीन आलं तेव्हा हे जाणारच नव्हते. नणंदेनं नेलं ओढून. खालच्याच मजल्यावर राहते, ओढायला हाताशी आहे. मशीन साधं आहे. दोन कांड्या, मनगटाला पट्टा, तुम्ही हात हलवाल तसा पडद्यावरचा माणूस ठोसे मारतो. पहिल्या दिवशी सगळे पवनचक्कीसारखे हात फिरवत होते आणि दोन मिनिटांत खुर्च्यांवर पडत होते. टोपी — कोपऱ्यावरच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात असतो, टोपी कधीच काढत नाही म्हणून माझ्या तोंडी हे नाव — तो बसल्या बसल्या जिंकत होता. मला म्हणाला, "काकू, हात फिरवणारे सगळे हौशी. ज्याला कळतं तो फक्त मनगट हलवतो. मशीनला ठोसा दिसतच नाही. झटका दिसतो."

त्याचंच वाक्य. विसरला असेल, मी विसरलेले नाही.

मग ह्यांनी कांडी धरली. नुसता हात पुढे केला आणि पडद्यावर ठोशांचा पाऊस. समोरचा गेला दोरीवर. सगळा हॉल ओरडला. नणंद म्हणाली, "दादानं आयुष्यात झुरळ मारलं नाही, आणि आता बघ वहिनी!"

हे हसले. लोकांसमोर, हात बाहेर असताना.

सोमवार, १० नोव्हेंबर

तक्रार लिहिली. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात मी माझं सगळं आयुष्य काढलं. तोंडी तक्रारीचं आम्ही काय करायचो, ते मला माहीत आहे. "हो हो, बघतो" म्हणायचो आणि चहा प्यायचो. म्हणून लेखी.

मुद्दा एवढाच की टोपी मनगटाला झटका देतो तो अभ्यास, आणि ह्यांच्या मनगटाला आपोआप बसतो तो आजार. हा भेद मशीन करत नाही. मशीनला जे कळतं ते समितीला कळू नये? आणि आपोआप तरी कुठे? ह्यांनी शोधून काढलंय — थांबायचं असेल तेव्हा हात पोटाशी दाबून धरायचा, कंप दबतो, पडद्यावरचा माणूस बचावाला उभा राहतो. समोरचा दमला की हात मोकळा सोडायचा. कधी दाबायचा आणि कधी सोडायचा, हे खेळणं नाही तर काय? ज्या हातानं नकाशे गेले, त्याच्याकडून त्यांनी काम करून घेतलं.

आणखी एक. नियम करणारा टोपी, पंच टोपी, दुसऱ्या बाजूनं अंतिम सामन्यात पोचलेलाही टोपीच. चित भी मेरी, पट भी मेरी, आणि नाणंही त्याच्याच खिशात.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कागद सेक्रेटरींच्या हातात दिला. पोच घेतली. त्यांनी चष्मा वर केला. "वहिनी, खेळ आहे. इतकं मनावर काय घेता?"

म्हटलं, "तुम्ही मनावर घेऊ नका. ह्यांना जिंकू द्या."

टोपी तिथेच होता. म्हणे, "काकू, खरं सांगू? हा खेळ मुळात हौशी लोकांसाठीच आहे. खरे खेळणारे बटणांवर खेळतात. दोनशे डाव पाठ असतात त्यांचे. इथं काय, हलवा हात, फोडा नाक. पाहुणे आले की खेळायचं."

"मग पाहुण्यांच्या खेळाला नियमावली कशाला? चषक कशाला?"

"स्पर्धा म्हटली की गंभीरपणा लागतो ना."

म्हणजे हौशी म्हणून ह्यांना यात फार मान नको, आणि गंभीर म्हणून ह्यांना यात जागा नको. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तरी जाता जाता विचारलंच, "तुझ्या दृष्टीनं मन लावून खेळणारा म्हणजे कोण रे?"

"जो त्याच्यासाठी काहीतरी सोडतो तो," म्हणाला. दुकान अर्धा दिवस बंद ठेवतो म्हणे सरावासाठी. गिऱ्हाइकांना विचारा कौतुक.

बुधवार, १२ नोव्हेंबर

उत्तर नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

तोंडी निरोप आला, जावयाच्या तोंडून. समितीनं मधला मार्ग काढलाय. ह्यांनी "पाहुणे खेळाडू" म्हणून खेळावं. गुण धरणार नाहीत. शेवटी एक फूल देतील.

म्हटलं, फूल ठेवा, लागेल तुम्हाला, निळा माणूस अजून आडवाच आहे.

हे आतून म्हणाले, "जाऊ दे ना." पण स्वयंपाकघराच्या दारातून मी पाहिलं — टेबलाशी उभे, हातात टॉर्च कांडीसारखा धरलेला. पोटाशी दाबला. सोडला. पुन्हा दाबला. टॉर्च चुकून चालू झाला होता आणि भिंतीवर उजेड नाचत होता. दाबून धरल्यावरही नाचत होता.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

हाताचा कंप वाढलाय. लिहायला नको वाटतं, पण वाढलाय. सकाळी अर्धा कपही पोचला नाही, सगळा शर्टावर. जिना चढताना मधेच थांबले, कठडा धरून. "छाती जरा धडधडतेय," म्हणाले. नणंद म्हणाली, "वहिनी, दादाचा चेहरा बघ, डॉक्टरकडे ने." म्हटलं, नेणारच आहे. हे सगळं शनिवारपासूनचं आहे. अपमान हातात उतरतो. आता हेही समितीच्या नावावर लावणार. डॉक्टरीणबाईंकडून लेखी घेणार, की भर हॉलमध्ये पट्टा काढून घेतल्यामुळे रुग्णाचा कंप बळावला. मग बघते समिती कुठे तोंड लपवते.

तक्रारीत मुद्दा क्रमांक दोन जोडला. सेक्रेटरींच्या दाराखालून सरकवला. समाधान वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाटलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली आणि सोडेनात. मी बोलत होते — हॉल, पट्टा, टोपी. त्यांनी मला हातानंच थांबवलं.

"काका, गोळ्या चालू आहेत ना?"

"हो," हे म्हणाले.

"दोन्ही वेळा?"

"मी स्वतः देते," मी म्हटलं. जरा तोऱ्यातच.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "काकू, ह्या गोळीनं नाडी संथ होते. ही नाडी गोळी घेणाऱ्या माणसाची नाही. आणि काका, ही गोळी अशी परस्पर सोडायची नसते. धोका हाताला नाही, काळजाला आहे. आजपासून पुन्हा सुरू करा, लहान मात्रेनं. दोन-चार दिवसांत हात पहिल्यासारखा होईल."

ह्यांनी खिशात हात घातला.

लेखी मागायचं राहूनच गेलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

मी काही शोधलं नाही. दुपारी त्यांनी आपण होऊन कपाटातून ड्रॉइंगची पेटी काढली आणि माझ्यापुढे उघडली. मखमलीत कंपासची खाच, पेनांच्या खाचा. कंपास नाही, पेनं नाहीत. सगळ्या खाचांतून गोळ्या. व्यवस्थित, ओळीनं. ओळ सरळ होती.

मी पाठ फिरवत होते ना. रोज, दोन वेळा, त्यांचा मान राखायला. त्या पाठीमागे हे चाललं होतं.

"कधीपासून?"

"स्पर्धा जाहीर झाली तेव्हापासून." मग म्हणाले, "गोळी घेतली की हात अर्धवट होतो गं. रेघ येत नाही ती नाहीच, आणि ठोसाही लागत नाही. पहिल्या दिवशी घ्यायची राहिली होती, म्हणून लागला. नंतर एकदा घेऊन खेळलो होतो. हरलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आजोबांनी प्रयत्न केला म्हणून."

"आणि काळीज?"

"ते कुणाला दिसतंय," म्हणाले.

मी भांडी घासायला उठले. घासलेलीच परत घासली. दुकान अर्धा दिवस बंद ठेवणाऱ्याला आपण मोठं काही सोडतो असं वाटतं. हौशी माणूस गोळी सोडत नाही. हे टोपीला जाऊन सांगावंसं वाटलं, आणि कुणालाच सांगावंसं वाटलं नाही. आणि माझा मुद्दा क्रमांक दोन! तो सेक्रेटरींच्या घरात, माझ्या सहीचा, पडलाय.

संध्याकाळची गोळी हातावर ठेवली. पाठ फिरवली नाही. त्यांनी ती तशीच टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आधी समितीचं उत्तर येऊ दे."

सोमवार, १७ नोव्हेंबर

गोळी टेबलावर. सकाळचीही. संध्याकाळचीही. मी बोलत नाही, हे बोलत नाहीत. नणंद येऊन म्हणाली, "घरात कुणी वारलंय का?" म्हटलं, अजून नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सेक्रेटरींकडे गेले होते, तक्रार मागे घ्यायला. आयुष्यात पहिल्यांदा. दार उघडून म्हणाले, "वहिनी, उशीर झाला हो. काल बैठक झाली. तुमचा दुसरा मुद्दा वाचून सगळे हादरले. उत्तर टाइप होतंय."

बुधवार, १९ नोव्हेंबर

आलं. लेखी, सही-शिक्क्यासह. झाल्या प्रकाराबद्दल समिती दिलगीर आहे. उपांत्य सामना ह्यांनी जिंकला असं धरलं आहे. अंतिम सामना रविवारी, २३ तारखेला, टोपीविरुद्ध. माझा शब्द न् शब्द मान्य. जिंकले मी.

ह्यांनी दोनदा वाचलं. हात टेबलावर होता, उघडा, आणि टेबल वाजत होतं.

मी शेजारी माझा कागद ठेवला. लिहायचं तर गोळी घ्यावी लागेल. घेतली तर रविवार गेला. वाचताच त्यांना कळलं. नक्कल इथे उतरवून ठेवते.

तक्रारदार: पत्नी. रविवार, १६ नोव्हेंबर, दुपारी तीन वाजता असं निदर्शनास आलं की आपण मला न विचारता माझ्या आयुष्यातला माणूस पणाला लावला आहे. याचा खुलासा आपल्या स्वतःच्या हस्ताक्षरात, निदान चार ओळी, शनिवार, २२ नोव्हेंबर, दुपारी बारा वाजेपर्यंत माझ्या हातात मिळावा. तोंडी उत्तर नोंदवलं जाणार नाही.